शालूताईचं आसव

फोन सकाळी सव्वानऊला आला. निवृत्त झाल्यावरही मी लोअर परळच्या एका छापखान्यात अर्धा दिवस प्रुफं तपासायला जातो. त्या दिवशी पुढ्यात एक लग्नपत्रिका होती. फोनवर परबकाकू होत्या. त्या गिरगावात शालूताईच्या शेजारच्या खोलीत राहतात आणि रोज सकाळी तिला चहा देतात. "अरुण, शालू उठत नाही रे. चहा ठेवून गेले होते, आता बघते तर तसाच." किती वेळ झाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "साय धरलीय त्याच्यावर." मला समजायचं ते समजलं. तरी मी लगेच उठलो नाही. पत्रिकेत नवरीच्या आजोळचं आडनाव चुकलं होतं, ते आधी दुरुस्त केलं, समासात सही केली आणि मग निघालो. या गोष्टीला आता सात आठवडे होत आले, पण ती दोन मिनिटं मी का काढली हे मला अजून नीट सांगता येत नाही. ती गेलीय हे कळलं होतं आणि तिथे पोचायचं अजून बाकी होतं... तेवढ्या वेळापुरता मी मोकळा होतो, एवढंच.

शालन माझी मावसबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. परळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तिने चौतीस वर्षं काढली. मावशी आणि काका गेल्यावर चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली तिची एकटीची झाली. पुढे सामाईक गॅलरी, आत मोरी, वर पोटमाळा. गिरगावात एका माणसाला अख्खी खोली म्हणजे केवढी चैन! दुसऱ्या कुणी तिथे सोफा आणला असता, ताईने पोटमाळ्यावर बरण्या मांडल्या.

हे वेड तिला खोताच्या वाडीतून लागलं. तिची शाळेपासूनची मैत्रीण रेजिना तिथे राहते, चाळीपासून चालत सात मिनिटांवर. रेजिनाच्या घरी नाताळासाठी वाइन घरीच करायची जुनी रीत. ताई दरवर्षी मदतीला जायची, आणि एका वर्षी तिने आपल्या खोलीत येऊन तोच प्रयोग मधावर केला. एक भाग मध, चार भाग पाणी, मूठभर मनुका, दोन लवंगा आणि बेकरीवाल्याकडून आणलेलं चिमूटभर यीस्ट. पहिले काही दिवस चिनीमातीच्या बरणीला फडकं बांधून ठेवायचं, मग सगळं काचेच्या बुधल्यात काढायचं. बुधल्याच्या बुचातून रबरी नळी काढून तिचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवायचं, म्हणजे आतली हवा बाहेर येते आणि बाहेरची आत शिरत नाही. नळी कॉलेजने टाकून दिलेली, बुधलाही तिथलाच. त्या पेल्यात सारखे बुडबुडे यायचे. "बोलतेय अजून," ताई म्हणायची. बोलणं थांबलं की आणखी महिनाभर हात लावायचा नाही; मग गाळ तळाशी राहू देऊन वरचं हलकेच बाटलीत काढायचं आणि वर्षभर विसरून जायचं. फळांचं काम वेगळं. करवंदं, जांभळं, आवळे, संत्र्याच्या साली ती साखर घालून ब्रँडीत मुरवत ठेवायची. ब्रँडी आणायला रेजिना जायची, कारण आपल्याकडची बाई दारूच्या दुकानासमोर उभी राहिली तर ती बातमी तिच्याआधी चाळीत पोचते.

दारू हा शब्द ताई वापरत नसे. मधाची, करवंदाची, आवळ्याची, असं म्हणायची आणि थांबायची. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. पिण्याचा परवाना तिने रीतसर काढला होता आणि तो 'प्रकृतिस्वास्थ्यासाठी' आहे हे ती पाहुण्यांना अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची. घरी करण्याच्या परवान्याचा विषय तिने कधी काढला नाही, आम्हीही विचारलं नाही. एकदा परबकाकूंनी आंबूस वासाची तक्रार केली म्हणून तिने जांभळं घातलेल्या मधाच्या एका बाटलीची नळी घाईघाईत काढून बूच घट्ट बसवलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाटली फुटली. काकूंना वाटलं सिलेंडर फुटला. त्या जपाची माळ हातात घेऊन तशाच गॅलरीत पळाल्या. ताई आत भिंतीवरचा जांभळा सडा बघत उभी होती आणि म्हणत होती, "चूक माझी, काकू. मी तिला बोलू दिलं नाही." तो डाग पुढे दोनदा रंग देऊनही वर येत राहिला.

तिचं पिणं मला फार उशिरा समजलं. अंगठ्याएवढ्या पेल्यात थोडीशी घ्यायची, आधी वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात धरून डोळे मिटायचे. मग बोलायची. या वर्षी करवंदं उशिरा उतरली, पाऊस लागलेली दिसतात. किंवा, हा मध जांभळीच्या फुलांचा असणार, कडवट लागतोय शेवटी. पाऊण तास तो एक पेला पुरायचा. मी त्या वेळी आमच्या छापखान्याजवळच्या बारमध्ये उभ्याउभ्या क्वार्टर संपवून घरी जाणारा माणूस. मला तिच्या या सोहळ्याचं हसू यायचं. एका दिवाळीत तिने तीन वर्षं मुरवलेली आवळ्याची बाटली माझ्यासमोर ठेवली आणि फराळाचं ताट करायला वळली. ती ताट घेऊन आली तेव्हा बाटली रिकामी होती. तिने बाटली उचलून उजेडात धरली, तळाशी काही राहिलंय का बघितलं आणि मोरीत ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या दारूची कहाणी इथे सांगत नाही. ज्यांच्या घरात कुणी पितं त्यांना ती पाठ आहे, आणि बाकीच्यांना ती ऐकून काही मिळणार नाही. दहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शीवला आमच्या घराचं दार माझ्या बायकोने, नंदाने, उघडलं नाही. आतून फक्त म्हणाली, "शालूताईंकडे जा. मी त्यांना फोन केलाय." मी गेलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत कसा चढलो आठवत नाही. ताईने मला मावशीच्या जुन्या पलंगावर झोपवलं, डॉक्टरांना आणलं, गोळ्या सुरू केल्या. दूध आणायला खाली जाताना ती बाहेरून कडी घालायची. चाळीतल्या बायका विचारायच्या, ती सांगायची, "भाऊ आहे. ताप आलाय." चाळीस दिवस ताप!

दुसऱ्या दिवशीची दुपार मात्र मला लख्ख आठवते. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, अंग थरथरत होतं. पोटमाळ्याची शिडी वाजली. मग मोरीत ओतल्याचा आवाज... थांबून थांबून, बराच वेळ. सगळ्या खोलीत मधाचा आणि आंबलेल्या फळांचा वास भरला. मी उशीत तोंड खुपसलं. शेवटी ती पदराला हात पुसत पलंगाशी आली आणि म्हणाली, "आता या घरात थेंब नाही. तू पण नाही, मी पण नाही." वर बघितलं तर पोटमाळा रिकामा होता. तीस-बत्तीस वर्षांचा छंद तिने एका दुपारी माझ्यापायी मोरीत ओतला होता.

त्या एका वाक्याच्या बळावर मी दहा वर्षं प्यायलो नाही. लोक मला विचारतात, कशी काय सोडलीस? मी सांगतो, बहिणीमुळे. ते खरंच आहे. पण त्या वाक्याने मला जसं उभं केलं तसं बांधूनही ठेवलं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. ज्या दिवशी मन फार ओढ घ्यायचं त्या दिवशी मला मोरीतला तो आवाज ऐकू यायचा. प्यावंसं वाटण्याचाही हक्क मला उरला नव्हता. दर मे महिन्यात गावाहून करवंदांची टोपली यायची. ताई ती पसरून एकेक निवडत बसायची, बोटांना चीक लागायचा आणि मध्येच हात थांबायचा. त्या करवंदांचं काय करायचं असतं हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही त्यांचं लोणचं घालायचो. लोणचं चांगलं व्हायचं, पण दोघांपैकी कुणाला ते आवडत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, काठी आली, पण जिना संपला. लाकडी, अरुंद, अंधारा जिना. लिफ्ट कधी नव्हतीच. त्यानंतर ती खाली उतरली ती दोनदाच, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून, दवाखान्यात न्यायला. "मी काय फणस आहे का रे, उतरवायला चार जण लागतात?" असं म्हणाली, आणि पुन्हा कधी खाली न्या म्हणाली नाही. सकाळी परबकाकू आणि एक कामवाली असायची. दुपारी छापखान्यातून सुटलो की मी बसने गिरगावात यायचो, तिचं रात्रीचं जेवण होईपर्यंत थांबायचो आणि मग शीवला जायचो. चार वर्षं, रविवार धरून. मुलगी नाशिकला असते. तिने मला आणि नंदाला तिकडे बोलावलं, खोली तयार ठेवली. नंदाला जायचं होतं. एकदा तिने विचारलं, "तुला तिथे जावं लागतं की जायचं असतं?" मी म्हटलं, "दोन्ही." ती म्हणाली, "मग मला उत्तर नाही मिळालं."

खरं सांगायचं तर कधीकधी मला ताईचा राग यायचा. गॅलरीतल्या खुर्चीत बसून ती खालचा हातभर रस्ता बघत असायची. मी भाजी निवडत असायचो, आणि मनात यायचं, हिने त्या दिवशी ते ओतलं नसतं तर? मी पुन्हा प्यायलो असतो, कदाचित मेलोही असतो, पण असा रोज इथे बसलो नसतो. असा विचार आला की मी उठून तिला लिंबाचं सरबत करून द्यायचो. ती ते घ्यायची आणि म्हणायची, "साखर जास्त झालीय." बरोबर ओळखायची. तिची जीभ अजून तशीच होती आणि तिला मी सरबत पाजत होतो.

तिच्या सत्तरीला मी दोन किलो जंगली मध आणला. म्हटलं, "ताई, कर तुझी मधाची. मी वास सहन करतो. सगळं मी करीन, तू नुसतं सांग. मी चाखणार नाही." तिने मधाची बाटली हातात घेतली, उलटी करून आतला बुडबुडा वर चढताना बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "माझी परीक्षा घेतोयस की स्वतःची?" तिने बाटली परत माझ्या हातात दिली. "तू रोज येतोस ना या घरात? मग इथे काही होणार नाही. विषय संपला." तो मध खोकल्यावर आल्याच्या रसातून संपला. मी येणं बंद केलं असतं तर ती तिची मधाची करू शकली असती, आणि मी येणं बंद केलं असतं तर तिला जेवू कुणी घातलं असतं? या प्रश्नाभोवती मी घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिलो.

एक आनंद तेवढा तिला उरला होता, तो औषधाचा. खुबा मोडल्यावर अंगात शक्ती नाही, भूक नाही, म्हणून रेजिनाने तिला कसलंसं आसव आणून दिलं. ठाकुरद्वारला तिच्या ओळखीचे कुणी वैद्य होते म्हणे. तपकिरी बाटली, तेलकट लेबल, अक्षरं उडालेली. जेवणानंतर दोन झाकणं, तेवढ्याच पाण्यातून. आसव म्हटलं की त्यात आंबवलेलं आलंच. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा मी बाटली हातभर लांब धरली. ताई म्हणाली, "तोंड फिरव आणि ओत." मग तो नेमच झाला. मी श्वास रोखून, मान खिडकीकडे वळवून दोन झाकणं ओतायचो, पाणी घालायचो, वाटी तिच्या हातात द्यायचो. ती ते एकदम गिळायची नाही. थोडं तोंडात धरायची, डोळे मिटायची. मला भरून यायचं. काय दिवस आले बघा, औषधसुद्धा ही चवीने घेते... बाटली संपत आली की रेजिना गुडघ्यांना पट्टे बांधून तीन जिने चढून यायची आणि नवी ठेवून जायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काना-मात्रांच्या चुका काढणाऱ्या मला, खोताच्या वाडीतली रेजिना आयुर्वेदिक वैद्यांकडे कशाला जाईल, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

शेवटच्या संध्याकाळीही तेच. मऊ भात, कुळथाची पिठी, दोन झाकणं. मी दमलो होतो. वाटी हातात घेऊन ती म्हणाली, "अरू, आज तोंड नाही फिरवलंस." मला कळलंही नव्हतं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जा आता. नंदा वाट बघत असेल." सकाळी चहावर साय धरली.

दिवसकार्य मीच केलं. तिसरा आठवडा लागला तेव्हा रेजिनाआंटीचा फोन आला की ताईच्या औषधाची भरून ठेवलेली एक बाटली तिच्याकडे राहिलीय, येऊन घेऊन जा. औषधाचं आता काय करायचं, असं मनात आलं, पण गेलो. तिने मला ओटीवर बसवलं, चहा दिला. मग माझ्या समोर बसून, जराही आढेवेढे न घेता म्हणाली, "अरुण, ते आसव नव्हतं. तिची मधाची होती ती."

मी कप खाली ठेवला. "कुठली मधाची? तिने सगळं ओतलं होतं. मी तिथे होतो."

"दोन बुधले ओतले. अजून तयार नव्हते ते. बाकीच्या बाटल्या सकाळीच मी घेऊन आले होते, तू गोळी घेऊन झोपला होतास. भाजीच्या पिशवीतून, तीन खेपा. ती म्हणाली, रेजी, हे ओतायला माझा हात उचलत नाही, तू घेऊन जा." ती उठली आणि जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत बाटल्या उभ्या होत्या. ताईचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. करवंद. जांभूळ, दुसरं पाणी. मध, हलवू नये. चालती होती तोवर ताई दर रविवारी इथे येऊन एक पेला घ्यायची, मला सांगायची की रेजीकडे शिवणाला जाते. खुबा मोडल्यावर रेजिनाने तपकिरी बाटलीची युक्ती काढली.

मला काय वाटलं हे मला त्या वेळी समजलंच नाही. आधी हसू आलं. चार वर्षं, रोज संध्याकाळी, मी, अरुण, दारू सोडलेला माणूस, माझ्या हाताने तिला दारू ओतून देत होतो, आणि वर डोळ्यांत पाणी आणत होतो! मग राग आला. "मला फसवलंत तुम्ही. दोघींनी."

"तू कधी विचारलंस तिला, सगळं ओतलंस का म्हणून?"

"नाही."

"मग? पण तुझं बरोबर आहे," रेजिनाआंटी म्हणाली. "मी तिला कितीदा म्हटलं, सांगून टाक त्याला. तो जीव टाकतो तुझ्यासाठी. ती म्हणायची, नको. कळलं तर तो परत प्यायला लागेल. मी म्हणायची, नाही लागणार. दहा वर्षं आमचं हेच भांडण. शेवटी पैज लागली. सगळ्यात जुनी मधाची बाटली. मी गेल्यावर त्याला सांग, म्हणाली, आणि मग महिना बघ. नाही प्यायला तर बाटली तुझी."

मी विचारलं, "म्हणजे ताईला वाटत होतं मी पिणार?"

रेजिनाआंटीने कपाटाचं दार लावून घेतलं. "हो रे. घाबरायची ती. रोज तू जिना चढलास की पावलं ऐकायची, नीट पडतायत की नाही."

ते मला सगळ्यात जास्त लागलं. फसवल्याचं नाही. दहा वर्षं मी तिच्यासमोर बसलो, तिची नखं कापली, तिला सरबत पाजलं, आणि ती दहा वर्षं जिन्यावरची माझी पावलं ऐकत होती. माझ्यावर तिचा जीव होता, विश्वास नव्हता. मी ती भरून ठेवलेली बाटली पिशवीत टाकली आणि चहा अर्धा टाकून निघालो. आंटीने अडवलं नाही.

मी शीवला गेलो नाही, ताईच्या खोलीत गेलो. दुपारचे चार वाजले होते. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. मी फळीवर बसलो, बाटली उघडली, सवयीने दोन झाकणं वाटीत ओतली. पाणी घातलं नाही. तोंडही फिरवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या मधाचीचा वास नीट घेतला. लवंग, जुनं लाकूड, आणि खाली खोल कुठेतरी कडवट फुलं. मोरीतला आवाज आठवून बघितला. त्याचा काही उपयोग झाला नाही, ते दोन कच्चे बुधले होते. मला धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. प्यायलो तर ताईचं म्हणणं खरं ठरणार होतं. नाही प्यायलो तर तिला मरणानंतर खोटं पाडायचं होतं, आणि तिच्यासमोर तोंड वर करून बोलायची सवय मला नव्हती. वाटी ओठांपासून वीतभर अंतरावर होती, तेव्हा नंदाचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"ताईच्या खोलीत. हातात वाटी आहे. दारूची." खोटं बोलायचं सुचलंच नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मी फोन ठेवत नाही. तुला काय करायचं ते कर." मला तिकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, नळ ऐकू आला, ती मध्येच कुणाला तरी "उद्या ये" म्हणाली ते ऐकू आलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मी वाटीतलं परत बाटलीत ओतलं. थोडं बोटांवर सांडलं. मी मोरीत जाऊन साबणाने दोनदा बोटं धुतली, फोनवर "निघतो" म्हणालो आणि बाटली आंटीच्या दारात ठेवून घरी गेलो. ते ताईसाठी केलं नव्हतं. तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

असा महिना काढला. सोपा गेला असं मी म्हणणार नाही. आता दुपारी कुठे जायचं नसतं आणि रस्त्यात बार तेवढेच आहेत. नंदा नाशिकचं बघतेय. मी हो म्हटलंय, आणि तरी बसस्टॉपवर पाय गिरगावच्या बसकडे वळतात.

परवाच्या रविवारी महिना भरला. आंटीने बोलावलं होतं. तिने कपाटातून सगळ्यात जुनी बाटली काढली, न हलवता, दोन्ही हातांनी, ताई धरायची तशी. बूच मी काढून दिलं, ओतलीही मी. आंटीच्या बोटांत आता जोर उरलेला नाही. मी वास घेतला आणि पेला तिच्यापुढे सरकवला. तिने एक घोट तोंडात धरून डोळे मिटले. समोरची खुर्ची रिकामी होती, तिच्या पाठीवर शिवणाचं एक जुनं फडकं अजून टाकलेलं होतं. बऱ्याच वेळाने आंटीने डोळे उघडले आणि त्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "जिंकले रे मी, अरुण. पण तिला सांगायचं कसं?"